मध्यमपदलोपी

नंदुरबारात पौष लागला की
बायपासच्या दोन्ही अंगांना मिरचीच्या पथाऱ्या पडतात.
एवढं लाल, की नवा माणूस आधी गाडी थांबवतो,
मग मोबाइल काढतो, मग शिंकतो.
आम्ही रुमाल तोंडाला लावून चालतो.
त्या रस्त्याला पालिकेनं कुणाचं तरी नाव दिलंय.
गाव म्हणतं खोकलावाट.

मी तिथून रोज जातो. निवृत्त माणसाला
दुधासाठी लांबची डेअरीच बरी पडते.

बत्तीस वर्षं समास शिकवला.
आधी विग्रह, मग प्रकार, मग दोन गुण.
साखरभात, मीठभाकर, नीलकंठ,
तीच ती उदाहरणं, खडूसारखी झिजलेली.
कुणी नवा शब्द केला तर तो कुठल्या खणात टाकायचा
हे पुस्तकात नव्हतं, म्हणून मलाही माहीत नव्हतं.

परवा संध्याकाळी तोल झाला, बाया उठल्या.
सरला पाडवीची रिंकल, साडेचार वर्षांची,
पोत्यांच्या थप्पीमागून धावत आली
आणि सरलानं दोन्ही पंजे वर धरले,
कुणी बंदूक रोखावी तसे,
दिवसभर देठ खुडून धगधगणारे पंजे,
आणि वाकून नुसत्या कोपरांनी
पोरीला कवळलं, उचललं, गालाला गाल लावला.
"काय करी राह्यनी व?" मी उगाच विचारलं.
पोरगी वरूनच म्हणाली, मला मठ्ठ समजून,
"हाई कोपरमिठी शे."

पुढे निघालो आणि सवयीनं विग्रह करत गेलो.
कोपराने मिठी, तृतीया तत्पुरुष.
नाही.
कोपरांनी घातलेली मिठी. मध्यमपदलोपी.
मधलं पद गाळलेलं असतं, मुलांनो,
ते वाचणाऱ्यानं मनात भरायचं.
गाळलेलं: घातलेली.
किटली या हातातून त्या हातात घेतली.
गाळलेलं: हात पेटलेले असतात म्हणून.
गाळलेलं: साबण, खोबरेल, ताक, कशानंच उतरत नाही म्हणून,
आणि एकदा पोरीच्या डोळ्याला बोट लागलं होतं,
ती रात्रभर रडली होती, तेव्हापासून.
एवढं सगळं दर वेळी कोण बोलणार?
पोरीला घाई होती.
दोन शब्द एका सायकलवर बसले,
पुढच्यानं पायडल मारायचं,
मागच्यानं पाय वर घ्यायचे.

बायांचाही एक आहे, ढगसुट्टी.
आभाळ आलं की माल वाळत नाही,
मुकादम घरी पाठवतो, हजेरी कोरी.
हा शब्द त्या हसत हसतच काढतात.
तसा नाही काढला तर पोटात जाऊन बसतो.

मीही एक केलाय, कुणाला सांगितलेला नाही.
सकाळी दहा चाळीसला, घरात मी एकटा,
कानात टोल पडतो आणि मी चपला शोधायला लागतो.
घंटाभास.
नाव सापडलं तेव्हापासून
निदान डॉक्टरकडे जावंसं वाटत नाही.

आता राहिला तारसिंग वळवी.
चौऱ्याण्णव साल, सातवी ब, दाराजवळचा बाक.
निबंध, माझा आवडता ऋतू.
सगळ्यांनी पावसाळा लिहिला होता, एकाच्याच वहीतून.
यानं लिहिलं, मला आईवेळ आवडते.
गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं
होळीच्या तोंडावर परत यायची, ते चार-आठ दिवस.
पुढे लिहिलं होतं, आईवेळेत कोंबडा पण लवकर आरवतो.
मी शब्दाभोवती लाल गोल काढला.
असा शब्द नाही. वजा अर्धा.

तो कुठे असतो, ठाऊक नाही.
होळीआधी स्टँडवर अजूनही त्या गाड्या लागतात.
गाठोडी उतरतात, पत्र्याचा डबा, गुंडाळलेली चटई,
आणि पोरं सामानाकडे न बघता
एकेक खिडकी तपासत धावतात.
मी दर वर्षी बाकावर बसून बघतो.
त्या वेळेला दुसरा शब्द
मला तीस वर्षांत सापडलेला नाही,
आणि तो अर्धा गुण
अजून माझ्याकडेच आहे.